चार डबे, सहा अदलाबदली

परीक्षा विभागात सगळे त्यांना डबेबाई म्हणत. नव्याने रुजू झालेल्यांना वाटायचं, बाई दुपारी चार पुडांचा डबा घेऊन येत असतील. बाई दुपारी दोन केळी आणि कपभर चहावर भागवत. कुणी नावाबद्दल विचारलंच, तर "पडलं असंच," म्हणून त्या पुढचा कागद ओढायच्या आणि विचारणारा आल्या पावली परतायचा. हे नाव कुणी पाडलं, हे त्या विभागात आता एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं झाली, पण एक दिवसही त्यांनी ते स्वतःला विसरू दिलं नव्हतं.

त्यांचं काम मोठं अजब. संगणकशास्त्राला प्रवेश हवा असेल तर मुलांना आधी कलचाचणी द्यावी लागे. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं. त्यात संगणकाबद्दल अवाक्षर नसे. डोकं सरळ चालतं की आडवं, एवढंच बघायचं. तिघांपैकी एक जण नेहमी खोटं बोलतो, तर किल्ली कुणाकडे? दिलेल्या सूचना एकेक करून पाळल्या तर बाण कुणीकडे तोंड करून थांबेल? असले प्रश्न. हा पेपर छापखान्यात जाण्याआधी कुणीतरी बाहेरच्या माणसाने तो घड्याळ लावून सोडवायचा, म्हणजे कुठे शब्द अडतो, कुठे वेळ पुरत नाही, ते कळतं. विभागात ह्याला पेपराची तालीम म्हणत, आणि गेली वीस वर्षं ती तालीम डबेबाई करत होत्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत हे चाले. अर्ध्या उंचीपर्यंत पांढरा रंग फासलेली एक खिडकी, दोन कुलपांचं लोखंडी कपाट, एक लांब टेबल, आणि भिंतीवर दिवसाला दोन मिनिटं मागे पडणारं घड्याळ. त्या घड्याळावर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं स्वतःचं घड्याळ असे. पदवी नसलेल्या ह्या बाईने वीस वर्षांत हजारभर प्रश्न सोडवले होते आणि त्यांतले साठ-सत्तर मोडीत काढले होते. भले भले प्राध्यापक त्यांच्या लाल पेन्सिलीला टरकून असत.

आता नावाची गोष्ट. ती नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अठरा वर्षांची असताना ती हीच चाचणी द्यायला आली होती. वडील एका कचेरीत लिफ्ट चालवायचे, आई घर सांभाळायची, धाकटी बहीण शाळेत. घरात संगणक कुणी पाहिलेला नव्हता, पण वर्तमानपत्रातली कोडी ही पोरगी चहा निवायच्या आत सोडवायची. यादी लागली. शेवटचं नाव एक्केचाळीस गुणांवर थांबलं होतं, आणि हिला चाळीस. शेजारीच बरोबर उत्तरांचा तक्ता डकवला होता. तिने एकेक ओळ बोट ठेवून तपासली. एका प्रश्नाशी बोट थांबलं.

प्रश्न असा होता. एका रांगेत चार डबे आहेत. त्यांवर डावीकडून चार, तीन, दोन, एक असे आकडे आहेत. एका वेळी फक्त शेजारच्या दोन डब्यांची अदलाबदल करता येते. कमीत कमी किती अदलाबदलींत ते एक, दोन, तीन, चार असे लागतील? तिने सहा लिहिलं होतं. तक्त्यात पाच होतं.

घरी जाऊन तिने फळीवरचे चार डबे काढले. चहा, साखर, मीठ, तांदूळ. झाकणांवर खिळ्याने आकडे कोरले. आई म्हणाली, "अगं, झाकणं कशाला खराब करतेस?" पण मग तीही मांडी घालून समोर बसली. दोघींनी जेवणवेळ टळेपर्यंत डबे सरकवले. सहाच्या आत काही केल्या जमेना. शेवटी पोरीला कारण सापडलं. अरुंद बोळात चौघं उलट्या क्रमाने उभे असले, तर प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येकाला एकदा ओलांडावंच लागणार. चौघांच्या जोड्या सहा. म्हणजे सहा. पाचात हे व्हायचंच नाही, देव खाली उतरला तरी.

दुसऱ्या दिवशी फेरतपासणीचा अर्ज आणि पिशवीत ते चार डबे घेऊन ती परीक्षा विभागात गेली. चाचणीची सूत्रं तेव्हा एका तरुण प्राध्यापकाकडे होती. एक पाय खुर्चीवर ठेवून तो तीन कारकुनांना कसलातरी विनोद सांगत होता. तिने टेबलावर डबे मांडले आणि म्हणाली, "सर, एकदा लावून बघता का? पाचात होत नाही."

त्याने डब्यांना बोटसुद्धा लावलं नाही. "अगं, हा परीक्षा विभाग आहे, स्वयंपाकघर नाही," तो म्हणाला. कारकून हसले. ते हसल्यावर त्याला आणखी चेव आला. "काय डबेबाई, तांदूळ निवडून आणलेत ना? एका गुणाने काय होतं एवढं? पुढच्या वर्षी ये."

माहितीपुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं की ही चाचणी एका व्यक्तीला एकदाच देता येईल आणि कोणत्याही कारणाने पुन्हा संधी मिळणार नाही. पोरीला ते पान तोंडपाठ होतं. चाचणी घेणाऱ्याने ते वाचलेलंसुद्धा नव्हतं. त्याने अर्जावर दोन ओळी खरडल्या, सही ठोकली आणि अर्ज कारकुनाकडे भिरकावला. ती डबे पिशवीत भरत असताना मागे पुन्हा हसणं झालं. ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं ते लागलंच.

पुढे तिने टायपिंग शिकून ह्याच परीक्षा विभागात नोकरी धरली. पोट होतं, आणि मनात धरलेला डूखही होता. पहिल्याच दिवशी एक कारकून ओरडला, "अरे, ही तर आपली डबेबाई!" झालं, नाव चिकटलं. प्राध्यापक त्याआधीच मोठ्या संस्थेत गेला होता. तिथे त्याने दोन पुस्तकं लिहिली, परदेशी भाषणं केली, आणि लोक त्याला तर्कशुद्ध विचारांचा माणूस म्हणू लागले. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला की बाई तो कापून ठेवत. बघणाऱ्याला वाटे, बाईंना किती आदर आहे! बाई मनातल्या मनात दात-ओठ खात असत.

अकरा वर्षांपूर्वी, बाईंची लाल खूण डावलून, एका पेपरात असा प्रश्न गेला की त्याला बरोबर उत्तरच नव्हतं. फाटकाशी चारशे पालक जमले, सगळी चाचणी पुन्हा घ्यावी लागली. तेव्हाचे परीक्षाप्रमुख हताश होऊन म्हणाले, "बाई, काहीतरी नियम करा, पण हे पुन्हा नको." बाईंना हेच हवं होतं. त्यांनी एका दुपारीत नियम लिहिला. पेपर काढणाऱ्याने महिन्याभराने तालमीच्या खोलीत बसून, उत्तरं जवळ न ठेवता, आपलाच पेपर सोडवायचा. बाईंची उत्तरं आधीच लिफाफ्यात बंद असतील. फरक पडला तर टेबलावर करून दाखवायचं. स्वतःच्या पेपरात पन्नासपैकी पन्नास मिळाले नाहीत, तर तो पेपर रद्द, राखीव पेपर वापरायचा, आणि काढणाऱ्याचे गुण आठ दिवस विभागाच्या फळ्यावर. शेवटचं वाक्य बाईंनी जुन्या माहितीपुस्तिकेच्या तिसऱ्या पानावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं. प्रमुखांना नियम इतका पसंत पडला की त्यांनी त्यावर बाईंचं जाहीर कौतुक केलं. त्याच वर्षी जुन्या फायली लगद्यासाठी निघाल्या. बाईंनी त्यांतून एक पिवळा कागद हळूच काढून घेतला आणि आपल्या खणात तळाशी ठेवला.

अकरा वर्षांत एकोणीस जण त्या टेबलाशी बसले. तिघांचे पेपर रद्द झाले. प्राध्यापक चडफडत, बाईंना मागून काय काय म्हणत. बाईंना त्या एकोणिसांशी काही देणंघेणं नव्हतं. हा सगळा सापळा त्यांनी एकाच माणसासाठी लावला होता, आणि तो आज ना उद्या येईल म्हणून त्या वाट बघत बसल्या होत्या.

आणि तो आला. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना संगणकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून सर परत आले. केस पिकलेले, आवाज तोच. त्यांनी जाहीर केलं की जाण्याआधी कलचाचणीचा एक आदर्श पेपर आपण स्वतः काढणार, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्या धर्तीवर पेपर निघतील. जिन्यात बाई समोर आल्या तेव्हा सरांनी मान हलवली. ओळख अशी काही नव्हती.

सरांचा हाताने लिहिलेला कच्चा पेपर बाईंकडे आला. त्यांनी दार लावलं, घड्याळ सुरू केलं. सोळा प्रश्न झाले. सतराव्याला त्यांचा हात थांबला. चार डबे. चार, तीन, दोन, एक. जुना प्रश्न सरांनी जसाच्या तसा उचलला होता. बाईंनी सहा लिहिलं, उरलेले तेहतीस प्रश्न सोडवले, लिफाफा बंद केला आणि लाख लावली.

आता सरांनी त्या टेबलाशी बसणं तेवढं बाकी होतं, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. नवे परीक्षाप्रमुख, पोरगेलेसे, सगळ्यांशी गोड, बाईंच्या खोलीत आले.

"बाई, सरांना काही तालमीला बसवू नका. इतका मोठा माणूस, बरं दिसत नाही. तुमची सही झाली की पाठवू छापायला."

"मग माझी सही होणार नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"नियम सगळ्यांना एकच. सरांना सूट द्यायची असेल तर तसं लेखी द्या, तुमच्या सहीने. उद्या फाटकाशी पालक जमले की तोच कागद दाखवते."

प्रमुखांच्या डोळ्यांसमोर चारशे पालक उभे राहिले असावेत. ते मुकाट्याने सरांकडे गेले. सर म्हणे हसले आणि म्हणाले, "बसतो की! मुलांची परीक्षा घेतो, मग स्वतः द्यायला कशाला घाबरू?"

मंगळवारी सकाळी घरून निघताना बाईंनी फळीवरचे चार डबे रिकामे करायला घेतले. आई आता सत्त्याहत्तर वर्षांची. भिंतीला टेकून बघत होती.

"तोच का?" तिने विचारलं.

"तोच."

आईने तांदूळ पातेल्यात ओतले आणि डबे फडक्याने पुसून दिले. झाकणांवरचे आकडे अजून दिसत होते.

सर वेळेवर आले, कोट खुर्चीला अडकवला, आणि प्रमुखांकडे बघून म्हणाले, "चला, नापास होऊन बघू." बाईंनी घड्याळ दाबलं. नव्वद मिनिटांचा पेपर सरांनी साठ मिनिटांत संपवला. सतराव्या प्रश्नाला त्यांनी दोन सेकंदसुद्धा दिले नाहीत, हे बाईंनी समोर बसून पाहिलं.

लिफाफा फुटला. प्रमुखांनी दोन्हीकडची उत्तरं वाचायला सुरुवात केली. सोळापर्यंत जुळली.

"सतरा. सरांचं पाच. बाईंचं... सहा."

"बाईंचं चुकलंय," सर म्हणाले. "होतं असं. जुना प्रश्न आहे माझा."

"टेबलावर करून दाखवायचं असतं, सर," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवीतून डबे काढून रांगेत मांडले. चार, तीन, दोन, एक.

सरांनी आधी एका बोटाने डबे सरकवले. सहा. "थांबा," ते म्हणाले आणि पुन्हा मांडले. सहा. तिसऱ्या खेपेला ते उभे राहिले, दोन्ही हात लावले. डब्यांचा खडखडाट झाला, एक झाकण निसटून प्रमुखांच्या पायाशी गेलं. सहा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्याला बोट लावायचं नव्हतं ते सगळं सर आता कपाळावर घाम घेऊन करत होते. बाई हात बांधून बघत होत्या. त्यांना हे बघताना विलक्षण बरं वाटत होतं.

एकदम सरांचा चेहरा उजळला. "आत्ता आलं लक्षात! मूळ प्रश्नात चार, दोन, तीन, एक होतं!" त्यांनी मधल्या दोन डब्यांची अदलाबदल केली आणि भराभर सरकवून दाखवले. एक, दोन, तीन, चार, पाच. लागले. "बघा! पाचच. टायपिंगची चूक आहे ही. तुमच्या टायपिस्टने आकडे उलटे केले."

म्हणजे एवढंच होतं ते. त्या वेळीही कुणीतरी उतरवून घेताना दोन शेजारच्या डब्यांची अदलाबदल केली होती, आणि ह्या माणसाने तीन मिनिटं हात लावला असता तर तेव्हाच कळलं असतं. त्यांचा राग निवायच्या ऐवजी दुप्पट झाला. त्यांनी कपाटातून सरांचा कच्चा पेपर काढला आणि सतराव्या प्रश्नाशी उघडून पुढे सरकवला.

"हे अक्षर तुमचं ना, सर?"

चार, तीन, दोन, एक. ठळक निळ्या शाईत. सरांनी छापलेल्या जुन्या पेपरावरून, चुकीसकट, स्वतःच्या हाताने उतरवलं होतं.

उरलेली तेहतीस उत्तरं जुळली. प्रमुखांनी घसा साफ करून सांगितलं, "एकोणपन्नास."

सर हसले. कोट उचलता उचलता म्हणाले, "ठीक आहे. एका गुणाने काय होतं एवढं? दुरुस्ती करतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा बसतो."

बाई ह्याच वाक्याची वाट बघत असाव्यात. त्यांनी नियमांची फाइल उघडून शेवटची ओळ बोटाने दाखवली आणि वाचूनही दाखवली. "ही चाचणी एका व्यक्तीस एकदाच देता येईल. कोणत्याही कारणास्तव पुन्हा संधी मिळणार नाही."

"हा कुठल्या गाढवाने केलेला नियम आहे?"

"तुमच्या वेळच्या माहितीपुस्तिकेत होता, सर. तिसऱ्या पानावर."

दुपारी विभागाच्या फळ्यावर कागद लागला. पेपर काढणाऱ्याचे गुण: पन्नासपैकी एकोणपन्नास. पेपर रद्द. विद्यार्थी फळ्यापुढे थांबत, वाचत आणि तोंडावर हात ठेवून पुढे जात. बाईंनी तो कागद चार टाचण्यांनी असा पक्का लावला होता की वाऱ्याने एक कोपराही हलू नये.

सूड घेतल्यावर माणसाला आतून रितं वाटतं, असं सांगणारे बरेच भेटतात. बाईंना तसलं काही वाटलं नाही. त्यांना त्या रात्री छान झोप लागली, आणि सकाळी त्यांनी दोन कप चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी सरांचा अर्ज आला. विशेष बाब म्हणून पुन्हा बसू द्यावं, चूक किरकोळ होती, वगैरे. असले अर्ज शेऱ्यासाठी तालमीच्या खोलीतच येत. आधीच्या तिघांच्या अर्जांवर बाईंनी "नियमानुसार नाकारला" एवढंच लिहिलं होतं. ह्या वेळी त्यांनी खण उघडला, तळाचा पिवळा कागद काढून समोर ठेवला, आणि त्यावरचा शेरा सरांच्या अर्जावर लाल शाईत अक्षर न अक्षर उतरवून काढला. उतरवताना एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून दोनदा ताडून पाहिला. अर्जात दम नाही. अर्जदाराकडे तर्काची बैठक नाही. वेळ घालवू नये. मग त्यांनी पिवळा कागद सरांच्या अर्जामागे टाचला आणि शिपाईकाकांच्या हाती दिला. शिपाईकाका विभागात त्यांच्याही आधीपासून होते.

"थेट सरांच्या हातात द्या. आणि पोच घेऊन या."

काका गेले ते बऱ्याच वेळाने परत आले. दारातच घुटमळले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आधी पुढचा कागद वाचून लालबुंद झाले. कोण समजते ही बाई स्वतःला, म्हणाले. मग मागचा उलटला. तो वाचला, पुन्हा पुढचा वाचला. खालची सही बघितली. स्वतःचीच की हो! मग मला म्हणाले, ही मुलगी कोण?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, मुलगी कुठली साहेब, त्या आपल्या डबेबाई." काकांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. "ते नाव ऐकलं आणि साहेब खालीच बसले. पाणी आणू का विचारलं, तर नको म्हणाले. उतरून येऊ लागलो तेव्हा म्हणाले, हे नाव... आणि तो पिवळा कागद पुन्हा वाचायला लागले."

"पोच?"

काकांनी कागद पुढे केला. सही तीच होती, पिवळ्या अर्जावरची. बाईंनी तारीख तपासली आणि पोच फाइलला लावून टाकली.